दूरचें मेज आणि जवळचें बोलणें



आकाशवाणीवरून भाषण करणाऱ्यास एक मोठी सवलत असते. तो बोलतो आणि आपण ऐकतां. त्याचे शब्द आपल्या घरीं अर्ध्या सेकंदानें उशिरां पोंचले, तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं; कारण आपण त्यास उलट उत्तर देणार नसतां. संभाषणाची गोष्ट निराळी आहे. दोन माणसें समोरासमोर बोलतात तेव्हां एकाचें वाक्य संपतां संपतांच दुसऱ्याचें सुरू होतें. २००९ सालीं जगांतील दहा भाषांमधल्या बोलण्याचें मोजमाप प्रसिद्ध झालें. त्यांत प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याच्या आसपास आढळलें. या चिमुकल्या फटीवर संभाषणाची सगळी घडी अवलंबून असते. ती फट वाढली कीं बोलणें अडखळतें. ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ म्हणजे आभासी संगणक-मेज वापरून घरून काम करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कॉल नेमका येथेंच फसतो. तो कां फसतो आणि कोणत्या उपायानें सुधारतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय यंत्राचा खरा. पण त्याचें महत्त्व कुळगांवासारख्या ठिकाणीं राहणाऱ्या माणसास सांगावें लागत नाहीं. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरांवर आहे. जलद लोकलहि या अंतरास दीड तासाच्या आसपास घेते. कुळगांव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील असंख्य कुटुंबांचा दिवस त्यामुळें गाडीच्या वेळापत्रकास बांधलेला आहे. मुंबईंत नोकरी म्हणजे जाऊन येऊन तीन तास, आणि तेहि गाडी वेळेवर धांवली तर. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली व सुमारें एक हजार उतारूंची सुटका करावी लागली, हें आपल्या स्मरणांत असेलच. पुढच्याच वर्षीं, २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं, मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या. १५ जूनपासून त्या अत्यावश्यक सेवेंतील लोकांसाठीं पुनः सुरू झाल्या. परंतु सर्वसाधारण उतारूस ठराविक वेळांत कां होईना, प्रवास करण्याची मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजीं. या दहा महिन्यांत कचेऱ्यांचें काम चाललें तें घराघरांतून. दूरसंचार विभागानेंहि मार्च २०२० मध्यें घरून काम करण्याविषयींचे आपले नियम सैल केले.

तो काळ सरला. अनेक कंपन्यांनीं आपली माणसें परत बोलावलीं आहेत. तरी आठवड्यांतील एखाददुसरा दिवस घरून काम करण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे, आणि ज्याच्या वाट्याला रोजचे तीन तास गाडींत उभें राहणें आलें आहे त्याला या एका दिवसाची किंमत काय आहे हें दुसऱ्या कोणी सांगण्याची जरुरी नाहीं. ही सोय टिकावयाची असेल तर घरून झालेलें काम जसें चोख हवें, तसें घरून झालेलें बोलणेंहि चोख हवें.

आतां हें आभासी मेज म्हणजे काय तें पाहूं. बँकेंतील किंवा विमा कंपनींतील नोकर घरून काम करतो तेव्हां खातेदारांचीं माहितीपत्रकें त्याच्या घरच्या संगणकांत उतरूं नयेत, अशी मालकांची रास्त इच्छा असते. म्हणून त्याचा कामाचा संगणक डेटा सेंटरमध्येंच ठेवतात आणि त्याच्या घरच्या पडद्यावर त्या संगणकाचें केवळ चित्र पाठवितात. त्यानें येथें कळ दाबली कीं तिची खूण तेथें जाते, अक्षर तेथें उमटतें, आणि उमटलेल्या अक्षराचें चित्र येथें येतें. तिजोरी जागच्या जागीं राहते. कारकून तेवढा काचेंतून पाहून व्यवहार करतो. सिट्रिक्स, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, आणि पूर्वी व्हीएमवेअरच्या छत्राखालीं असलेली ऑम्निसा, या कंपन्या अशी व्यवस्था पुरवितात.

पत्रें लिहिणें, हिशेब मांडणें, नोंदी तपासणें या कामांना ही पद्धत उत्तम आहे. हिशेबाच्या पानावर एका वेळीं एखादा आंकडा बदलतो, आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवावा लागतो. परंतु बोलणाऱ्या माणसाचा चेहरा सेकंदास पंचवीस-तीस वेळां बदलतो, आणि आवाज तर क्षणभरहि स्थिर नसतो. हिशेबाच्या वहीसाठीं बांधलेल्या वाटेनें ही मिरवणूक न्यावयाची म्हटलें कीं खोळंबा व्हावयाचाच.

हा खोळंबा कसा होतो तें पायरीपायरीनें पाहिलें पाहिजे. आपण कॅमेऱ्यापुढें बसलां. आपल्या चेहऱ्याचें चित्र घरच्या संगणकानें दाबून लहान केलें आणि डेटा सेंटरकडे पाठविलें. तेथें तें उलगडलें गेलें. मग तेथील संभाषणाच्या प्रोग्रामनें तें पुनः दाबलें आणि समोरच्या गृहस्थाकडे रवाना केलें. त्या गृहस्थाचें चित्र आलें तें प्रथम डेटा सेंटरमध्यें. तेथें तें उलगडून आपल्या आभासी पडद्यावर रंगविलें गेलें. मग त्या रंगविलेल्या पडद्याचें चित्र पुनः दाबून आपल्या घरीं धाडलें गेलें, आणि घरीं तें आणखी एकदां उलगडलें गेलें. एकच धोतर दोन दोनदां घडी घालून दोन दोनदां उलगडावें तशांतला हा प्रकार. प्रत्येक घडीला वेळ लागतो आणि प्रत्येक घडींत चित्राचा थोडा तजेला जातो. शिवाय डेटा सेंटरमधील एकाच यंत्रावर अनेकांचीं मेजें मांडलेलीं असतात. सकाळीं दहाच्या ठोक्याला सगळे बैठकीस बसले कीं तें यंत्र चित्रांच्या घड्या घालण्यांतच गुंतून पडतें, आणि ज्याचा कॉलशीं कांहीं संबंध नाहीं त्याचें हिशेबाचें पानहि रेंगाळूं लागतें.

अंतराची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. समजा, एक बाई कुळगांवांत राहतात, त्यांचे सहकारी अंबरनाथेस राहतात, आणि दोघांचीं आभासी मेजें लंडनच्या डेटा सेंटरमध्यें आहेत. दोघांच्या घरांत अंतर थोड्याच किलोमीटरांचें. पण बाईंचा आवाज आधीं लंडनास जाणार आणि तेथून अंबरनाथेस येणार. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे केवळ जाण्यास एक सहस्रांश सेकंदाच्या मापानें ३६ आणि येण्यास ३६, मिळून ७२ मिलिसेकंद लागले. आणि समुद्रांतील तारा सरळ रेषेंत नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहून अधिकच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें चांगल्या संभाषणासाठीं एकेरी विलंबाची जी मर्यादा सुचविली आहे ती १५० मिलिसेकंदांची. तिच्यांतील अर्धी अंतरानेंच खाल्ली. उरलेली अर्धी घड्या घालण्यांत आणि उलगडण्यांत केव्हां संपते तें कळतहि नाहीं. डेटा सेंटर नवी मुंबईंत किंवा पुण्यांत असलें तर अंतराचा जाच नाहींसा होतो, पण घड्यांचा जाच राहतोच.

आवाजाच्या दुखण्यास आणखी दोन कारणें आहेत. एक म्हणजे प्रतिध्वनि. कर्ण्यांतून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्यें शिरला तर तो ओळखून काढून टाकण्याची युक्ति प्रत्येक प्रोग्राममध्यें असते. पण त्यासाठीं बाहेर पडलेला आवाज आणि आंत आलेला आवाज यांचा मेळ नक्की बसावा लागतो. प्रोग्राम दूर आणि कर्णा घरीं अशी स्थिति असली, आणि मधला विलंब क्षणोक्षणीं कमीजास्त होत असला, तर हा मेळ चुकतो व आपलेच शब्द आपल्या कानीं परत येतात. दुसरें कारण असें कीं, मजकूर पाठविण्याच्या कांहीं पद्धतींत वाटेंत हरवलेला तुकडा पुनः मागवून घेतल्यावांचून पुढचा देत नाहींत. पत्राच्या बाबतींत हें योग्यच आहे. एकहि अक्षर गळतां कामा नये. बोलण्याच्या बाबतींत मात्र एखाद्या अक्षराचा तुकडा हरवलेला परवडतो, पण उशिरां आलेला परवडत नाहीं.

येथवर यंत्राची हकीकत झाली. तिचा परिणाम मात्र माणसास भोगावा लागतो. साहेब विचारतात, “काम पुरें झालें का?” कुळगांवच्या बाई तत्काळ “हो” म्हणतात, परंतु तो “हो” साहेबांच्या कानीं पडेपर्यंत पाऊण सेकंद गेलेला असतो. मधल्या शांततेचा अर्थ साहेब आपल्या परीनें लावतात आणि पुनः विचारतात. तोंवर पहिलें उत्तर येऊन धडकतें. दोघेहि एकदम बोलतात, दोघेहि एकदम थांबतात, आणि “बोला, बोला” यांतच मिनिट जातें. २०१४ सालीं जर्मन संशोधकांनीं या विलंबाच्या परिणामांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, कीं तारेंत विलंब वाढला म्हणजे ऐकणारा तारेस दोष देत नाहीं, बोलणाऱ्याच्या स्वभावास देतो. बोलणारा बेसावध आहे किंवा त्याचें लक्ष नाहीं असें त्यास वाटूं लागतें. आवाज फाटला, चित्र गोठलें, तर दोष यंत्राचा हें उघड दिसतें. विलंब मात्र कोणास दिसत नाहीं, म्हणून त्याचें खापर माणसाच्या माथीं फुटतें. नोकरीच्या मुलाखतींत, बढतीच्या विचारांत, परदेशच्या गिऱ्हाइकाशीं होणाऱ्या बोलण्यांत हा गैरसमज किती महाग पडत असेल याचा विचार आपणच करावा. आणि त्यांतून शेवटीं निघावयाचा निर्णय ठरलेला: “घरून बोलणें नीट होत नाहीं, तेव्हां उद्यांपासून कचेरींत या.”

चित्राद्वारें होणाऱ्या भेटीला आपल्या देशांत कायद्यानेंहि मान दिलेला आहे. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत अमेरिकेंतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनें नोंदवावी कीं नाहीं असा प्रश्न उपस्थित झाला असतां, सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं अशी साक्ष ग्राह्य ठरविली. ज्या भेटीवर न्यायालय विसंबूं शकतें ती नीट घडवून आणणें ही केवळ चैनीची बाब नव्हे.

आतां उपाय. त्याचें तत्त्व अगदीं साधें आहे. एखाद्या संस्थेचा चिटणीस सभा बोलावतो, वेळ कळवितो, कोण आलें कोण गेलें याची नोंद ठेवतो. पण सभासदांनीं आपलें बोलणें प्रथम चिटणिसाच्या कानांत सांगावें आणि त्यानें तें सभेस ऐकवावें, असा आग्रह कोणी धरीत नाहीं. येथेंहि तसेंच करावयाचें. कॉल लावणें, उचलणें, यादी दाखविणें हीं चिटणिसाचीं कामें डेटा सेंटरमधील प्रोग्रामकडे ठेवावयाचीं. चित्र आणि आवाज यांची प्रत्यक्ष ने-आण मात्र घरच्या संगणकाकडे सोंपवावयाची. मग बाईंचा आवाज घरांतून निघतो तो थेट संभाषण-सेवेच्या केंद्राकडे जातो. दोघांचाच कॉल असला आणि वाटेंतील जाळ्यांनीं हरकत घेतली नाहीं, तर तो एका घरून दुसऱ्या घरींच जातो. लंडनची फेरी वांचते, आणि चारांपैकीं दोन घड्याहि वांचतात.

मग आलेलें चित्र आभासी मेजावरच्या खिडकींत दिसतें कसें, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. डेटा सेंटर त्या खिडकींत चित्राच्या जागीं मोकळा चौकोन ठेवतें, आणि तो पडद्यावर कोठें आहे एवढेंच घरच्या संगणकास कळवितें. घरचा संगणक स्वतः उलगडलेलें चित्र त्या चौकोनावर नेमकें बसवितो. खिडकी सरकविली कीं चौकोनाचा नवा पत्ता येतो आणि चित्रहि त्याबरोबर सरकतें. पाहणाऱ्यास सगळें एकाच पडद्यावर घडतें आहे असें वाटतें. सिट्रिक्स आणि मायक्रोसॉफ्ट यांनीं ही व्यवस्था आधीं स्काइप फॉर बिझनेससाठीं व नंतर टीम्ससाठीं केली. झूम आणि सिस्कोचें वेबेक्स यांनींहि आपापलीं जोडयंत्रें दिलीं आहेत. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनें टीम्ससाठीं ‘स्लिमकोअर’ नांवाचें नवें इंजिन पुढें आणलें आहे.

परंतु उपाय असणें वेगळें आणि तो लागू असणें वेगळें. या व्यवस्थेचे दोन भाग असतात, एक डेटा सेंटरमध्यें आणि एक आपल्या घरच्या संगणकांत. त्यांतील एक नसला, किंवा जुना झाला, तर कॉल बंद पडत नाहीं. तो गुपचूप जुन्या वाटेनें लंडनास जाऊं लागतो. हेंच या दुखण्याचें खरें मूळ आहे. कॉल लागतो आहे, म्हणून व्यवस्था चालू आहे असें सर्वजण धरून चालतात. म्हणून पहिली गोष्ट ही, कीं आपण स्वतः तपासून पाहावें. टीम्सच्या माहितीच्या पानावर आवृत्तीच्या मजकुरांत ‘ऑप्टिमाइज्ड’ असा शब्द आढळला तर वाट सरळ आहे. तो नसला तर कचेरीच्या संगणक-विभागास कळवावें. आभासी मेजावरील ब्राउझरमधून बैठकीस बसलां तर बहुधा ही सोय मिळत नाहीं, तेव्हां तो मार्ग शक्यतों टाळावा.

दुसरी गोष्ट घरच्या यंत्राची. आतां घड्या घालण्याचें काम त्याच्याकडे आलेलें असतें. फार जुनें किंवा दुबळें यंत्र त्या ओझ्याखालीं दमतें. कॅमेरा आणि हेडफोन घरच्या संगणकासच जोडलेले राहिले पाहिजेत. कांहीं ठिकाणीं यूएसबीची प्रत्येक वस्तु सरसकट डेटा सेंटरच्या ताब्यांत देतात. तसें झालें कीं घरच्या इंजिनास कॅमेरा सांपडतच नाहीं. तारेचा हेडफोन बिनतारीपेक्षां बरा, कारण ब्लूटूथ स्वतःचा थोडा विलंब घालतें. तिसरी गोष्ट घरच्या इंटरनेटची. आवाजास सेकंदास शंभर किलोबिटसुद्धां लागत नाहींत. ७२० ओळींच्या स्वच्छ चित्रास सुमारें दीड मेगाबिट पुरतात, पण ते जातांना आणि येतांना दोन्ही वेळां मिळाले पाहिजेत. दाट वस्तींत शेजारच्या बिऱ्हाडांचीं वायफाय यंत्रें एकमेकांवर कुरघोडी करतात, म्हणून शक्य तेथें राउटरपासून संगणकापर्यंत तारच ओढावी. पावसाळ्यांत वीज जाण्याची भीति असल्यास राउटरला छोटी बॅटरी जोडून ठेवावी. एवढें करूनहि अडचण आली तर आधीं आपलें चित्र बंद करावें आणि आवाज सांभाळावा. चेहऱ्यावांचून बैठक चालते, आवाजावांचून चालत नाहीं.

चौथी गोष्ट मात्र पूर्णपणें कचेरीच्या हातांतली आहे. पुष्कळ कचेऱ्या घरच्या संगणकाची सर्व वाहतूक व्हीपीएन नांवाच्या बोगद्यांतून मुख्य कचेरींत नेतात. असें असलें तर वरची सारी व्यवस्था करूनहि आवाज पुनः लांबच्याच वाटेनें फिरतो. चित्र-आवाजापुरती वाट बोगद्याबाहेर काढून दिल्यावांचून गुण येत नाहीं.

यावर आक्षेप असा येतो, कीं चित्र आणि आवाज कचेरीच्या दारावरून न जातां परस्पर गेले तर सुरक्षिततेचें काय? आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाहीं. ही वाहतूक वाटेंत कोणास वाचतां येऊं नये म्हणून कुलूपबंद स्वरूपांतच जाते, हें खरें. तथापि ज्या धंद्यांत प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवणें बंधनकारक आहे तेथें ती नोंद कोठें व कशी व्हावी हें आधीं ठरवावें लागतें. आभासी मेजावर नव्या सोयी कधीं कधीं उशिरां मिळतात, आणि पडदा दुसऱ्यास दाखवितांना मर्यादा पडतात, हेंहि मान्य केलें पाहिजे. पण खातेदारांचे कागद आणि दोन माणसांचें बोलणें या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. कागद तिजोरींत ठेवावेत म्हणून बोलणाऱ्यांनींहि तिजोरींत बसून बोलावें असें होत नाहीं.

तेव्हां जबाबदारीची वांटणी उघड आहे. घरची तार, हेडफोन, राउटर हें कामगारानें पाहावें. वाट सरळ आहे कीं नाहीं हें मात्र कचेरीनें पाहावें, आणि वर्षांतून एकदां नव्हे, प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पाहावें. विलंब किती होतो याचे आंकडे हीं साधनें आपण होऊन नोंदवीत असतात, ते कोणीतरी वाचावयास हवेत. कामगारानें कॉल बिघडला ती तारीख आणि वेळ टिपून ठेवावी. ‘आवाज नीट येत नाहीं’ या तक्रारीपेक्षां ‘सोमवारीं दहा वाजून पांच मिनिटांनीं’ ही तक्रार लवकर निकालांत निघते. आणि ज्यांच्या हातीं माणसांची पारख आहे त्यांना एकच विनंति. उत्तर उशिरां आलें तर त्या माणसाविषयीं मत बनविण्यापूर्वीं तें कोणत्या वाटेनें आलें याची चौकशी करावी. पुष्कळ वेळां असें आढळून येईल, कीं बाईंनीं उत्तर तत्काळ दिलें होतें. त्याला लंडनचा प्रवास आपणच घडविला होता.